उंची नको, वजन सांगा

आमच्या इमारतीत प्रत्येक बिऱ्हाडाच्या वाट्याला तळघरातली एक जाळीची खोली येते. जर्मन लोक तिला केलर म्हणतात. आईने ती व्हिडिओ कॉलवर पाहिली आणि माळा म्हणाली. माळा कधी खाली असतो का, असं मी विचारलं तर म्हणाली, "जिथं न लागणाऱ्या वस्तू जातात तो माळाच."

त्या माळ्यावर माझा स्नोबोर्ड, बर्फावरून घसरत जायची फळी, भिंतीला टेकून उभा असतो. लांबी १४९ सेंटिमीटर, पोलादी कडा, तळाला एका दगडाने काढलेला लांब ओरखडा. २०२३ च्या जानेवारीत तो बाहेर काढला, इस्त्रीने मेण लावलं (ती इस्त्री पुन्हा कधी शर्टाजवळ नेता येत नाही, हे घरात सगळ्यांना एकदाच कळलं) आणि डोंगर गाठला. वर जाऊन बघते तर सगळा उतार हिरवागार. मधोमध मशीनने पाडलेल्या बर्फाचा एक पांढरा पट्टा, गवतावर कुणी धोतर वाळत घालावं तसा. त्या पट्ट्यावर अख्खं म्युनिक उतरलेलं. आल्प्सच्या कमी उंचीच्या भागात त्या नव्या वर्षी बहुतेक ठिकाणी हीच तऱ्हा होती.

त्याच्या आधीच्या सप्टेंबरातच आमच्या बव्हेरिया राज्याच्या विज्ञान अकादमीने जाहीर करून टाकलं होतं की त्सुगस्पिट्झ या शिखरावरच्या दक्षिण श्नेफेर्नरला यापुढे हिमनदी म्हणता येणार नाही. बर्फ इतका पातळ झालाय की तो आता सरकणार नाही, आणि हिमनदी म्हणवून घ्यायचं तर निदान सरकावं तरी लागतं. जर्मनीत पाच हिमनद्या होत्या, चार उरल्या. बातमी वाचून मला त्या हिमनदीबद्दल वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर स्वतःच्या बोर्डाबद्दल जास्त.

ऑफिसातला एक सहकारी उन्हाळ्यात वेकबोर्डिंगला जायचा, म्हणजे पायाला फळी बांधून, हातात दोरी धरून पाण्यावरून ओढलं जायला. तो म्हणाला, "तुला स्नोबोर्ड येतो ना? मग हे अर्ध्या तासात जमेल." हे वाक्य मला पुढे फार महागात पडलं.

वरवर बघता त्याचं काही चुकलं नव्हतं. दोन्हीकडे फळीवर आडवं उभं राहायचं, दोन्ही पाय बांधलेले, तोंड एका खांद्यावरून पुढे. डावा पाय पुढे असेल तर रेग्युलर, उजवा असेल तर गूफी. हे एकदा ठरलं की बर्फावर आणि पाण्यावर सहसा तेच राहतं. घराणंही एकच. १९६५ च्या नाताळात अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या मस्कीगन गावी शर्मन पॉपेन नावाच्या इंजिनिअरने मुलींना खेळायला दोन स्की एकमेकींना जोडून दिल्या. त्यांच्या बायकोने स्नो आणि सर्फ मिळून त्याला स्नर्फर नाव ठेवलं. पुढे वीस वर्षांनी, १९८५ साली, कॅलिफोर्नियात सॅन डिएगोच्या टोनी फिनने बोटीमागे ओढायची छोटी सर्फबोर्डसारखी फळी आणली, तिचं नाव स्कर्फर. स्नर्फर आणि स्कर्फर, जुळ्या बहिणींची असावीत तशी नावं. गंमत म्हणजे स्नर्फरच्या टोकालाही धरायला दोरी असायची. बर्फावर पायांना घट्ट बांधणी आली तशी ती दोरी गळून पडली. पाण्यावर मात्र दोरी राहिली, आणि माझं सगळं घोडं त्या दोरीपाशीच अडलं.

पण आधी बोर्डाची गोष्ट, कारण चुका मी त्या क्रमाने केल्या.

शहाण्या माणसाने पहिल्या दिवशी भाड्याचा बोर्ड घ्यावा. मी जुन्या वस्तूंच्या साइटवर शोधायला बसले. माझं गणित सरळ होतं: स्नोबोर्ड निवडताना दुकानात हनुवटीपाशी धरून बघतात, माझा १४९ चा आहे, वेकबोर्ड थोडे आखूड असतात, म्हणजे १४२ चा बरोबर बसेल. १४२ चा मिळाला. फोटोत झकास दिसत होता, खाली दोन फिन (माशाच्या परासारखे उभे पातळ तुकडे), वर बंद बूट जोडलेले. विकणाऱ्या बाईंनी विचारलं, "बोटीसाठी ना?" मी जोरात "हो, हो" म्हटलं. बोटीने ओढलं काय आणि तळ्यावरच्या तारेने ओढलं काय, पाणी तेच की! घासाघीस न करता घेतला.

आता इथली बोटीची परिस्थिती अशी आहे की बव्हेरियातल्या मोठ्या तळ्यांवर मोटरबोटींचे परवाने मोजकेच असतात. श्टार्नबर्गच्या तळ्यावर परवान्यासाठी वर्षानुवर्षं रांगेत थांबावं लागतं. आपल्याकडे घराघरात लग्नाची अल्बमं असतात तशा इथे कुणाकुणाकडे त्या रांगेच्या गोष्टी असतात. त्यामुळे इथला सामान्य माणूस बोटीमागे जातच नाही, तारेमागे जातो. तळ्याभोवती खांब, खांबांवर फिरती तार, आणि तारेला लटकलेल्या दोऱ्या तळ्याला प्रदक्षिणा घालत राहतात. ही युक्ती ब्रुनो रिक्सेन या जर्मन इंजिनिअरची, १९६० च्या आसपासची, तेव्हा अर्थातच पाण्यावरच्या स्कीसाठी. वेकबोर्डचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. एका मोटरवर आठ-दहा जण एकाच वेळी फिरतात, पेट्रोलचा वास नाही, लाटा नाहीत.

आम्ही जातो ते तळंही खास इथलंच. म्युनिकच्या आसपासची जमीन म्हणजे हिमयुगात हिमनद्यांच्या पाण्याने वाहून आणलेल्या खडीचा जाड थर आहे. शहर बांधायला ती खडी उपसली, खड्ड्यांत भूजल भरलं, झालं तळं. बागरझे म्हणतात त्याला, खोदयंत्राचं तळं. पाणी इतकं नितळ की काठावरून तळाचे गोटे दिसतात, आणि मे महिन्यात इतकं गार की पहिल्या उडीत श्वास आत अडकतो. वरची हिमनदी गेली म्हणून रुसून मी खाली आले, तर खाली हिमनद्यांनीच टाकून दिलेल्या खडीतलं पाणी. मला हे फार आवडलं. नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "नेओ घालतेस ना? सर्दी होईल." नेओ म्हणजे निओप्रीनचा अंगाबरोबरचा सूट. तो ओला असताना काढणं हा एक वेगळाच खेळ आहे.

तिथल्या भाड्याच्या टपरीत विशीतला एक पोरगा बसतो, उन्हाने नाक सोललेला. त्याने माझा बोर्ड उलटा केला, फिनवर नख वाजवलं आणि विचारलं, "बोट कुठाय?"

मग त्याने जे समजावलं ते मी इथे लिहून ठेवते, कारण स्नोबोर्डवरून येणारे बहुतेक सगळे याच खड्ड्यात पडतात. बर्फात बोर्डाला पोलादी कड असते, ती बर्फात रुतते आणि तुम्ही वळता. वेकबोर्डला पोलाद नसतं. पाण्यात त्याने सरळ राहावं म्हणून बोटीच्या बोर्डाला खाली फिन लावतात. तारेच्या तळ्यावर मात्र पाण्यात घसरपट्ट्या, रेलिंगं, उड्या मारायच्या चढणी मांडलेल्या असतात. त्यांच्यावरून फिन नेला तर पट्टी तरी फाटते नाहीतर माणूस तरी. म्हणून तारेसाठीच्या बोर्डाला फिन नसतात आणि तळ घासायला तयार असतो, बहुधा लाकडी गाभ्यावर चिवट प्लॅस्टिकचा थर. शिवाय तो वाकतो. बोटीचा ताठ असतो, कारण बोटीमागे लाटेवरून उडायचं असतं आणि ताठ बोर्ड लाट सोडताना वर फेकतो. तारेवर लाटच नाही. ओढ डोक्यावरून येते, मग बोर्ड वाकवून स्वतःच उसळावं लागतं.

दुसरं, बाक. बोर्ड बाजूने बघितला तर होडीच्या तळासारखी दोन्ही टोकं वर आलेली दिसतात, त्याला रॉकर म्हणतात. काहींचा बाक सलग असतो, तो पाण्यावरून गुळगुळीत आणि वेगात जातो, वळणंही गोलसर. काहींचा तीन टप्प्यांचा असतो, मध्ये सपाट आणि टोकांकडे एकदम मोडलेला. तो लाटेवरून सरळ वर उडवतो, पण एरवी पाणी ढकलत चालतो. माझा अर्थातच तीन टप्प्यांचा होता.

"आणि हा कुणाचा आहे?" पोराने विचारलं.

"माझाच."

"तुमचं वजन किती?"

मी उंची सांगितली. एकशे पासष्ट.

"उंची नको, वजन सांगा."

मागे रांग होती. रांगेत आमच्या मंडळाच्या गणपतीला भेटणारं एक मराठी कुटुंबही होतं. मी शक्य तितक्या हळू आवाजात जर्मनमध्ये "एकसष्ट" म्हटलं. जर्मनमध्येही आपल्यासारखंच आधी एक मग साठ, त्यामुळे तेवढा अर्धा सेकंद तरी लपायला मिळाला.

बर्फ तुम्हाला धरूनच असतो, थांबलात तरी बुडवत नाही. पाणी वेग असेपर्यंतच धरतं. म्हणून फळी केवढी हवी हे अंगाच्या भारावर ठरतं. माझ्या वजनाला १३४ किंवा १३६ चा पुरला असता. १४२ चा म्हणजे ऐंशी-नव्वद किलोच्या माणसाचा. मोठा बोर्ड अगदीच वाईट नसतो, सावकाश वेगातही तो वर राहतो, नवख्याला बरा पडतो, पण वळवायला गेलं की दार उचलून वळवल्यासारखं वाटतं. बूट हा त्याहून वरचा घोटाळा. स्नोबोर्डचे बूट वेगळे असतात, चालत जाऊन बांधणीत अडकवता येतात. हे बूट बोर्डालाच जोडलेले, आणि पाय आत जाईना. पोराने भांडी घासायचा साबण पाण्यात कालवून आत ओतला. सटकन पाय गेला. निघताना मात्र पायाचं कातडं मागे राहतं की काय असं वाटलं. नवख्याने पुढून उघडे, वेलक्रोचे बूट घ्यावेत. घरातल्या दोघांना पुरतात आणि पाय सुखाने बाहेर येतो.

त्याने स्क्रूड्रायव्हर दिला. मी धक्क्यावर मांडी घालून दोन्ही फिन काढले. चार स्क्रू. एक हातातून निसटला, फळीच्या फटीतून खाली गेला आणि त्या नितळ पाण्यात तळाशी पोचेपर्यंत दिसत राहिला.

मग जाकीट. एक असतं तरंगवणारं, दुसरं नुसतं मार झेलणारं. पोराने विचारलं, पोहता येतं का. मी म्हटलं, येतं, आजोळी विहिरीत शिकले. विहिरीला जर्मन शब्द ब्रुनेन. चौकातल्या कारंज्यालाही ब्रुनेनच म्हणतात. त्याच्या डोळ्यासमोर नेमकं काय आलं असेल ते त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं. त्याने मुकाट्याने तरंगणारं जाकीट दिलं.

विहीर कराडजवळच्या मळ्यातली होती. आजोबांनी पाठीला दोन वाळके भोपळे बांधले, मामाने मागून ढकललं. नाकात पाणी, डोळ्यांत पाणी, आणि वर आल्यावर पहिल्यांदा दिसलं ते काठावरचं आजोबांचं धोतर. भोपळ्यांची ती ओढ, खांद्यांना वर खेचणारी, त्या जाकिटात पुन्हा सापडली. बर्फ मला तिशीत भेटला, तोही पैसे भरून. पाणी घरचं होतं. म्हणूनही असेल, मला वाटलं होतं की हे सोपं जाईल.

सुरुवात बसून करायची. धक्क्याच्या काठावर गालिच्यासारखं काहीतरी अंथरलेलं असतं, त्यावर बसायचं, बोर्डाचं टोक वर, हातात दोरीचा दांडा. त्या दांड्याला इथे हान्टल म्हणतात, म्हणजे डंबेल. वर तार खडखडते, कर्मचारी बटण दाबतो, खट् आवाज होतो आणि तुमची दोरी तारेबरोबर निघते. एक क्षण काहीच होत नाही. मग ताशी तीस किलोमीटर वेगाची ओढ एकदम हातात येते.

पहिल्या वेळी मी बर्फात करते तेच केलं. उतारावर भीती वाटली की अंग मागे जातं, आणि अंग मागे गेलं की बोर्ड हाताबाहेर जातो. पहिला अख्खा हिवाळा "पुढच्या पायावर या" हे एकच वाक्य ऐकण्यात जातो, आणि माझ्या हाडांत ते मुरलं होतं. ओढ बसली तशी मी शिकवल्याप्रमाणे पुढच्या पायावर गेले. बोर्डाचं टोक पाण्यात शिरलं आणि मी त्याच्यावरून, दांडा घट्ट धरलेला, तोंडावर. पाणी मऊ असतं असं ज्याला वाटतं त्याने तीस किलोमीटरने त्याच्यावर गाल आपटून बघावा.

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा उभं राहायची घाई केली, हात छातीकडे ओढले, दोरी सैल पडली, मी मागे पडले. चौथ्या वेळी पडल्यावरही दांडा सोडला नाही आणि तळ्यातून गाळाच्या पिशवीसारखी फरफटत गेले. बर्फावर हातात काही नसतं, त्यामुळे काही सोडायचं असतं हे अंगाला माहीतच नव्हतं. पोरगा काठावरून ओरडत होता, "आर्मे लांग!" हात लांब. लांग आणि लांब, एवढा जवळचा शब्द, तरी हात काही ऐकत नव्हते.

माझी मुलगी अकरा वर्षांची. ती तिसऱ्या फेरीला उभी राहिली आणि पहिल्या खांबापर्यंत गेली. तिला विसरायला काही नव्हतं. परत येऊन ओल्या केसांनी माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "आई, तू त्या दोरीशी भांडतेस."

तिने आजोबांना कधी पाहिलं नाही. पण मी लहानपणी गाडीत पुढे बसून हट्टाने बैलांचा कासरा हातात घ्यायचे आणि दोन्ही हातांनी मागे खेचायचे, तेव्हा आजोबा असंच काहीतरी म्हणायचे. कासरा ओढायचा नसतो, धरायचा असतो. ओढलास तर बैल थांबतो नाहीतर उधळतो.

अकराव्या वेळी मी बसून राहिले. गुडघे छातीशी, हात लांब, वजन मागच्या पायावर, आणि काहीही केलं नाही. खट् झालं. ओढ आली. मी अजून बसलेलीच, बोर्डाने पाणी दोन्हीकडे फेकलं आणि मी उकिडवी पाण्यावरून निघाले होते. मग सावकाश गुडघे सरळ केले. कंबर दांड्याच्या जवळ, खांदे मागे. बर्फावर हे सगळं चूक. पाण्यावर हेच बरोबर, कारण ओढणारा पुढे आहे आणि तोल त्याच्या उलट्या बाजूला आपल्यालाच टाकायचा आहे. मी उठले नव्हते, मला उठवलं होतं. उतारावर वजन आपण स्वतः सोडून देतो आणि डोंगराशी आपला परस्पर व्यवहार असतो. इथे मध्ये दोरी आहे, आणि फळी केवढी, ताठ की वाकणारी, फिनची की बिनफिनची, हे सगळं शेवटी त्या दोरीच्या दुसऱ्या टोकाला काय आहे यावरच ठरतं. एवढी साधी गोष्ट मी बोर्ड विकत घेताना विचारलीच नव्हती. बाईंनी तर विचारली होती.

पहिल्या खांबाशी मी पडले. वळणावर तरंगणारे चेंडू बांधलेले असतात, त्यांच्या बाहेरून जायचं. मी आतून गेले, दोरी सैल पडली, आणि सैल दोरी पुन्हा ताणली जाते तेव्हा काय होतं ते खांद्याला आठ दिवस आठवत राहिलं. तिथून दाट गवतातून बोर्ड काखेत मारून चालत परत. ती चालही खेळाचाच भाग असते, त्याबद्दल कुणी आधी बोलत नाही. आईला रात्री फोनवर सगळं सांगितलं. ती बराच वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे दोरीला धरून पाण्यातून फरफटत न्यायला तू पैसे देतेस?"

पूर्ण प्रदक्षिणा जुलैत झाली, भाड्याच्या १३६ च्या बोर्डावर. सलग बाक, फिन नाहीत, उघडे बूट. सप्टेंबरात टपरीवाल्यांनी हंगाम संपता संपता भाड्याचे बोर्ड विकायला काढले तेव्हा तोच घेतला. त्याच्या तळावर आधीच इतके ओरखडे होते की माझे कुठले ते मलाही सांगता येत नाही. मेण लावायचं नाही, हे मात्र अजून पचत नाही. पहिल्या थंडीत मी सवयीने इस्त्री बाहेर काढली होती.

१४२ चा बोर्ड मी त्याच साइटवर टाकला. घ्यायला एक विद्यार्थी आला. त्याच्या मामाची क्रोएशियात बोट आहे, उन्हाळ्यात तिकडे जाणार होता. केलरच्या पिवळ्या दिव्यात त्याने बोर्ड उभा केला, हनुवटीशी धरून बघितला आणि म्हणाला, "माझी उंची एकशे नव्वद आहे, चालेल ना?"

"उंची राहू दे. वजन किती?"

त्याने एकदा स्वतःच्या पोटाकडे बघितलं. "अठ्ठ्याऐंशी." मग थोडं थांबून, "ब्याण्णव."

मी फिन आणि स्क्रूंची पुडी त्याच्या हातात दिली. त्याने मोजले. तीनच आहेत, म्हणाला. मी म्हटलं, चौथा तळ्यात आहे, दिसतो पण निघत नाही.